'बेन-माय-क्री' : एका जलविमानवाहू जहाजाची नोकरी

विमानवाहू जहाज म्हटले की, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट पसरलेला डेक आणि त्यावरून धावत जाऊन झेप घेणारी विमाने, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. 'विक्रांत' हे नाव तर आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु विमानाला जहाजावर उतरवण्याची विद्या माणसाला साधली त्याच्या आधी काही वर्षे एक निराळाच प्रकार चालत असे. जहाज विमानांना पोटात घालून समुद्रात दूरवर नेई, तेथे थांबे आणि यारीने एकेक विमान उचलून पाण्यावर ठेवी. विमानाला चाकांच्या जागी दोन पोकळ होडकी लावलेली असत. त्यांवर ते पाण्यातून धावे आणि उडे. काम आटोपले की पुन्हा जहाजाजवळ पाण्यावर उतरे, आणि यारी त्याला पुन्हा वर घेई. अशा जहाजांना जलविमानवाहू जहाजे म्हणत.

१९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने अशी बरीच जहाजे वापरली. त्यांपैकी 'बेन-माय-क्री' ह्या एकाच जहाजाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती निवडण्याचे कारण असे की, हे जहाज लढाईसाठी बांधलेलेच नव्हते. ते सुट्टीवर जाणाऱ्या माणसांची ने-आण करणारे प्रवासी जहाज होते. उणीपुरी दोन वर्षे त्याने युद्धात नोकरी केली, आणि त्या नोकरीतच त्याचा शेवट झाला. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर आकाशातल्या विमानाकडे जाण्याआधी खालच्या बॉयलरकडे जाते. तेव्हा ह्या नोकरीचा जमाखर्चही आम्ही आमच्या पद्धतीने मांडणार आहोत.

सुट्टीची बोट

इंग्लंड आणि आयर्लंड ह्यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक बेट आहे. तेथील जुन्या मँक्स भाषेत 'बेन-माय-क्री' म्हणजे 'माझ्या काळजातली पोर'. बेटाच्या आगबोट कंपनीने आपल्या तिसऱ्या बोटीला हे लाडके नाव दिले. बॅरो येथील व्हिकर्स कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली आणि २३ मार्च १९०८ रोजी पाण्यात उतरली. तिचे माप २,६५१ टन होते आणि तिच्यात अडीच हजारांवर उतारू मावत. पार्सन्स ह्या इंजिनियराने शोधलेली वाफेची टर्बाइन यंत्रे तिला बसवली होती. जुन्या इंजिनात वाफ दट्ट्याला मागेपुढे ढकलते. टर्बाइनमध्ये ती पात्यांवर आदळून दांडा सरळ गरगर फिरवते, म्हणून वेग वाढतो आणि हादरे कमी होतात. ही बोट चोवीस नॉटपेक्षा अधिक, म्हणजे ताशी सुमारे अठ्ठावीस मैल वेगाने चाले. त्या काळी हा वेग लढाऊ जहाजांनाही हेवा वाटावा असा होता.

तिच्यातून जाणारे उतारू कोण होते? लिव्हरपूल बंदराच्या पाठीशी लँकेशायर परगणा आहे; म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. तेथे प्रत्येक गिरणगावाचा वर्षातला एक आठवडा ठरलेला असे. त्या आठवड्यात गावातल्या साऱ्या गिरण्या बंद राहात, बॉयलर साफ होत, यंत्रांची दुरुस्ती होई, आणि कामगार बायकामुलांसह समुद्रकाठी जात. ह्या सुट्टीचा पगार मिळत नसे. पगारी रजेचा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. तोवर कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे सुट्टीच्या भिशीत टाकत आणि त्या शिलकेवर आठ दिवस काढत. शिमग्या-गणपतीला मुंबईच्या गिरणगावातून कोकणच्या बोटीत दाटीवाटीने बसणाऱ्या चाकरमान्यांची आठवण ज्यांच्या घरात असेल, त्यांना हा प्रवास वेगळा समजावून सांगायला नको. 'बेन-माय-क्री'ने उन्हाळ्यामागून उन्हाळे अशीच माणसे वाहिली.

बोटीचे लढाऊ जहाज होते

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. जर्मन आरमार आपल्या बंदरांत दबा धरून बसले होते. त्याच्या हालचाली पाहायच्या तर विमान हवे, आणि त्या काळच्या विमानाला इंग्लंडच्या किनाऱ्यावरून तेथे जाऊन परत येण्याइतका पल्ला नव्हता. म्हणून विमानालाच शत्रूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची युक्ती निघाली. नवीन जहाजे बांधायला वर्षे लागतात. तेव्हा इंग्लिश खाडीतून उतारू नेणाऱ्या 'एंगडाइन', 'रिव्हिएरा' आणि 'एम्प्रेस' ह्या तीन वेगवान बोटी आरमाराने ताब्यात घेतल्या. २५ डिसेंबर १९१४ रोजी, म्हणजे ऐन नाताळाच्या दिवशी, ह्या तीन बोटींतून सात जलविमाने उडाली आणि त्यांनी जर्मनीच्या कुक्सहाफेन भागावर चढाई केली. नुकसान फारसे झाले नाही. परंतु समुद्रातून विमान पाठवता येते, ही गोष्ट सिद्ध झाली. ह्या जलविमानवाहू तुकडीचा प्रमुख सेसिल लेस्ट्रेंज मॅलोन नावाचा चोवीस वर्षांचा अधिकारी होता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा यावयाचे आहे.

लगेच १ जानेवारी १९१५ रोजी 'बेन-माय-क्री' आरमाराने भाड्याने घेतली. लिव्हरपूलसमोर नदीच्या पलीकडच्या काठावर बर्केनहेड आहे. तेथील कॅमल लेअर्ड कंपनीच्या गोदीत तिचे रूप पालटले. मागच्या बाजूला उतारूंच्या खोल्या काढून प्रशस्त विमानघर उभारले, त्यात चार ते सहा विमाने राहात. यारी बसवल्या. पुढच्या बाजूला साठ फुटांचा काढता-घालता फलाट केला; हलके विमान चाकाच्या गाडीवर ठेवून तेथून उडवता येईल, अशी अपेक्षा होती. तोफा आल्या, पेट्रोलचा साठा आला. तीन महिन्यांच्या आत हे सारे उरकले. कालवर जी बोट होती ती आता जहाज झाली, आणि तिचा कप्तान म्हणून मॅलोनची नेमणूक झाली.

एका उड्डाणामागचे हात

जहाजावर सुमारे अडीचशे माणसे होती. त्यांपैकी प्रत्यक्ष उडणारी माणसे मोजकीच. मग बाकीची काय करीत?

ह्या जहाजावरचे मुख्य विमान म्हणजे शॉर्ट कंपनीचे '१८४' नमुन्याचे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले कापड, आणि २२५ अश्वशक्तीचे इंजिन. पंखांचा पसारा त्रेसष्ट फुटांचा. म्हणून पंख मागे दुमडून ते विमानघरात ठेवावे लागे. उड्डाणाची वेळ झाली की ते बाहेर ढकलायचे, पंख उघडून अडकवायचे, तारा ताणून पाहायच्या, इंजिन तपासायचे आणि यारीच्या हुकाला अडकवून अलगद पाण्यावर उतरवायचे. जहाज जरा डोलले की लटकलेले विमान त्याच्या अंगावर आपटून फुटे. हूक सोडण्याचा क्षण चुकला की विमान कलंडे. यारीचा विंच चालवणाऱ्या खलाशाचा हात आणि वैमानिकाचा हात ह्यांत कमी-जास्त ठरवणे अवघड होते.

एवढ्यावर संपत नाही. विमानाला उडायला दिवसही तसाच लागे. समुद्र खवळलेला असेल तर होडकी फुटत. आणि पाणी अगदी आरशासारखे शांत असेल तर होडकी पाण्याला चिकटून बसत, विमान वर उठतच नसे. थोडी झुळूक, थोडी लहर, असा बेताचा दिवस हवा. त्यात विमान उतरवायला आणि परत घ्यायला जहाजाला जागच्या जागी थांबावे लागे. ज्या समुद्रात पाणबुड्या फिरतात तेथे थांबलेले जहाज म्हणजे आयतेच सावज. अशा वेळी एकच आधार असे, तो म्हणजे वाफ. थांबलेले असतानाही बॉयलरमध्ये पूर्ण वाफ धरून ठेवायची, म्हणजे इशारा होताच जहाज पळ काढील. हे काम डेकच्या कितीतरी खाली, दिवसाचा उजेड न पाहणारे आगवाले आणि कोळसा ओढणारे करीत. वर सुतार, फिटर, कापड शिवणारे, पेट्रोल भरणारे होते. खाऱ्या पाण्याने लाकूड फुगे, कापड ढिले होई, इंजिन गंजे; म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर विमान जवळजवळ नव्याने बांधावे लागे. थोडक्यात, हे जहाज म्हणजे तोफा लावलेला एक तरंगता कारखानाच होता.

पुढच्या फलाटाचे काय झाले तेही सांगतो. ११ मे १९१५ रोजी तेथून विमान उडवण्याची तयारी झाली. इंजिनाने उलटा झटका दिला, ते सुरू करण्याचे यंत्र मोडले आणि त्याबरोबर वैमानिकाचे मनगटही मोडले. त्यामुळे भिस्त राहिली ती यारीवरच.

एक टॉर्पेडो आणि आठशे पंधरा माणसे

१९१५ च्या मे महिन्यात 'बेन-माय-क्री' भूमध्य समुद्राकडे निघाले. तेथे दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत तुर्कस्तानशी झुंज चालू होती, आणि गॅलिपोलीच्या डोंगराळ भूमीवर दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांत मरत होते. जून महिन्यात जहाज लेस्बॉस बेटाच्या आश्रयाला पोहोचले.

तेथे १२ ऑगस्ट १९१५ रोजी ती घटना घडली, जिच्यामुळे ह्या जहाजाचे नाव इतिहासात राहिले. चार्ल्स एडमंड्स ह्या वैमानिकाने शॉर्ट विमानाच्या दोन होडक्यांमध्ये चौदा इंची टॉर्पेडो अडकवला. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून आपल्या यंत्राने धावत जाऊन आदळणारा स्फोटक बाण. त्याचे ओझे एवढे होते की, सोबतचा निरीक्षक खाली ठेवावा लागला आणि पेट्रोलही बेताचेच घेता आले. एडमंड्सने चिंचोळी भूमी ओलांडून मार्मारा समुद्र गाठला, पाण्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर विमान आणले आणि एका तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. तो लागला. विमानातून सोडलेल्या टॉर्पेडोने जहाजावर केलेला जगातील हा पहिला हल्ला होय. नंतर कळले की, ते जहाज 'ई-१४' ह्या ब्रिटिश पाणबुडीने आधीच निकामी करून किनाऱ्याला लावलेले होते. पाचच दिवसांनी, १७ ऑगस्टला, एडमंड्सने आणखी एका आगबोटीवर टॉर्पेडो मारला. त्याच दिवशी डेकर नावाच्या वैमानिकाचे इंजिन कुरकुरू लागले म्हणून तो पाण्यावर उतरला. तेथूनच त्याने एका टग बोटीवर टॉर्पेडो सोडला आणि मग हलके झालेले विमान पुन्हा हवेत नेले.

ह्या एका कल्पनेचे पुढे काय झाले ते जग जाणते. १९४० साली इटलीच्या तारांतो बंदरात आणि १९४१ साली पर्ल हार्बरमध्ये मोठमोठी लढाऊ जहाजे ह्याच उपायाने बुडाली. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत १२ ऑगस्ट ही तारीख हमखास सापडते.

परंतु ह्या जहाजाच्या नोकरीत आणखी एक तारीख आहे, आणि ती आम्हाला अधिक मोलाची वाटते. २ सप्टेंबर १९१५ रोजी ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन गॅलिपोलीकडे जाणाऱ्या 'साऊथलँड' ह्या जहाजाला लेम्नॉस बेटाजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. सैनिक होड्यांत उतरले, काही पाण्यात पडले. 'बेन-माय-क्री' धावून आले आणि ६९४ सैनिक व १२१ खलाशी अशी ८१५ माणसे त्याने उचलून घेतली. ज्या पाण्यात नुकताच टॉर्पेडो फुटला तेथे थांबून माणसे उचलणे म्हणजे आपला गळा पुढे करणेच होते. मात्र ज्या डेकवर पूर्वी अडीच हजार उतारू मावत, त्यावर आठशे माणसांची सोय लावणे अवघड गेले नाही. सुट्टीची बोट त्या दिवशी आपल्या मूळच्या धंद्यावर आली, असेच म्हटले पाहिजे. 'साऊथलँड'वर मागे राहिलेल्यांतले काही सैनिक आपण होऊन बॉयलरखान्यात उतरले, त्यांनी कोळसा मारला, आणि ते घायाळ जहाज मुदरॉस बंदराला लागले.

पोर्ट सैदहून एडनपर्यंत

गॅलिपोलीची मोहीम गुंडाळल्यावर, १९१६ च्या आरंभी 'बेन-माय-क्री'ची नेमणूक सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट सैद येथे झाली. तेथे त्याला 'ॲन' आणि 'रेव्हन २' हे दोन सोबती मिळाले. ही दोन्ही मूळची जर्मन व्यापारी जहाजे. युद्ध सुरू होताच ती जप्त केलेली होती. ह्या तिघांनी पॅलेस्टाइन आणि सीरियाच्या किनाऱ्यावर तुर्की सैन्याच्या छावण्या, रस्ते आणि रेल्वे ह्यांची टेहळणी केली. मे १९१६ मध्ये मॅलोनच्या जागी चार्ल्स सॅमसन कप्तान झाला. चालत्या जहाजावरून विमान उडवणारा पहिला माणूस तो हाच; हा पराक्रम त्याने १९१२ साली केला होता.

जून १९१६ मध्ये जहाज तांबड्या समुद्रातून एडनला आले. त्या वेळी एडन मुंबई इलाख्याच्या कारभारात होते, आणि १९३२ पर्यंत राहिले. लाहेज येथे तळ देऊन तुर्की फौज एडनचा मार्ग अडवून बसली होती. तिच्यावर ह्या विमानांनी बॉम्ब टाकले. परतताना जेद्दाजवळच्या तुर्की ठाण्यांवर हल्ला केला आणि १६ जूनला ते शहर अरब बंडवाल्यांच्या हाती आले. २५ ऑगस्टला तिन्ही जहाजांनी मिळून दहा विमाने सोडली आणि अफुले येथील रेल्वे जंक्शनवर इंजिन, डबे आणि रसद जाळली. वर्ष सरता सरता, २७ डिसेंबरला, अदानाजवळचा चिकालदिर येथील रेल्वेपूल त्यांनी गाठला.

बंदरातला शेवट

एवढ्या समुद्रांतून, एवढ्या पाणबुड्यांमधून वाचलेले जहाज शेवटी बुडाले ते बंदरात. आशिया मायनरच्या किनाऱ्याला लागून कास्तेलोरिझो नावाचे लहानसे बेट आहे. ते फ्रेंचांच्या ताब्यात होते. समोरचा तुर्की किनारा इतका जवळ की नुसत्या डोळ्यांनी सारे दिसावे. जानेवारी १९१७ मध्ये 'बेन-माय-क्री' तेथे नांगर टाकून होते. ११ जानेवारीच्या दुपारी किनाऱ्यावरच्या डोंगरात लपवून आणलेल्या तुर्की तोफा अचानक धडधडू लागल्या. मुस्तफा एर्तुग्रुल हा तोफखान्याचा अधिकारी त्यांचा सूत्रधार होता. विमानघरावर गोळा पडला, पेट्रोलने पेट घेतला, सुकाणू निकामी झाले. अरुंद बंदरातून हलणे शक्य नव्हते. सुमारे पाऊण तासात जहाज सोडण्याचा हुकूम झाला. माणसे होड्यांतून किनाऱ्याला लागली. काही जखमी झाले, पण मेले कोणी नाही. तोफा मात्र पुढेही तासनतास चालूच होत्या. जळके जहाज उथळ पाण्यात बसले.

तीन वर्षे ते तसेच पडून होते. १९२० साली ते वर काढून पिरेयस बंदरात नेले. दुरुस्ती परवडणार नाही असे ठरले, आणि १९२३ साली व्हेनिसमध्ये ते मोडीत गेले.

नोकरीचा हिशेब

जहाज गेले, तरी त्याच्याबरोबर काम केलेल्यांची कथा चालू राहिली. 'रेव्हन २' हे सोबती मार्च १९१७ मध्ये हिंदी महासागरात आले. 'वोल्फ' नावाचे जर्मन छापेमार जहाज व्यापारी बोटीच्या वेषात फिरत होते. त्याच्या शोधात 'रेव्हन २'ची विमाने लक्षद्वीप, मालदीव आणि शागोस बेटांवरून हिंडली. 'वोल्फ' काही सापडले नाही. मात्र त्याने फेब्रुवारीत मुंबईबाहेर पेरून ठेवलेले पाणसुरुंग जागेवर होतेच. २३ जून १९१७ रोजी त्यांतल्या एकावर आपटून पी. अँड ओ. कंपनीचे 'मंगोलिया' हे मोठे प्रवासी जहाज मुंबईनजीक बुडाले. ह्या कंपनीच्या जहाजांवर डेकचे खलाशी आपल्या कोकण-गुजरातचे, भांडारी-बटलर गोव्याचे आणि आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे, अशी वाटणी असे. आणि गोऱ्या खलाश्यापेक्षा त्यांचा पगार पुष्कळच कमी असे.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'बेन-माय-क्री'वरच्या आरमारी नोकराचा पगार जहाजाबरोबर बुडाला नाही. व्यापारी जहाजावरच्या खलाशाचा मात्र बुडत असे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाज फुटले की त्याचा करार संपला, आणि त्या दिवसापासून पगार बंद. टॉर्पेडो लागून होडीत बसलेला माणूस, किनारा दिसण्यापूर्वीच बेकार झालेला असे. हा अन्याय महायुद्धाने उघडा पाडला. १९२० साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची परिषद जिनोआ येथे खास खलाशांच्या प्रश्नांसाठी भरली, आणि जहाज बुडाल्यास बेकारीची भरपाई, निदान दोन महिन्यांच्या पगारापर्यंत, मिळाली पाहिजे असा करार तेथे मंजूर झाला. हे देणे कोणी खुशीने दिले नाही; संघटित खलाशांनी ते मागून, भांडून घेतले.

आता मॅलोनविषयी. युद्ध संपताच १९१८ साली तो सरकार पक्षाच्या बाजूने पार्लमेंटात निवडून आला. १९१९ साली तो रशियात जाऊन आला आणि त्याचे विचार पालटले. १९२० मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला. ब्रिटिश पार्लमेंटातला पहिला कम्युनिस्ट सभासद तोच. त्या नोव्हेंबरात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये केलेल्या जहाल भाषणाबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. त्या भाषणात त्याने ज्यांच्यावर आग पाखडली त्यांत चर्चिलही होते. आणि 'बेन-माय-क्री' भाड्याने घेतली तेव्हा आरमार खात्याचे मंत्री चर्चिलच होते! मॅलोन पुढे तो पक्ष सोडून मजूर पक्षात गेला. पार्लमेंटातली ती जागा मात्र रिकामी राहिली नाही; १९२२ साली बॅटरसीच्या कामगारांनी मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवाला ह्यांना निवडून दिले. जहाजाच्या पुलावर उभा असलेला अधिकारी बॉयलरखान्याच्या बाजूचा कसा झाला, हे सांगणारे त्याचे मन आम्हाला उघडून पाहता येत नाही. परंतु एका उड्डाणाला किती हात लागतात हे दीड वर्ष रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस तो होता, एवढे खरे.

जमाखर्च मांडायचा तर असा. जमेच्या बाजूला जगातला पहिला हवाई टॉर्पेडो. तो आधीच निकामी झालेल्या जहाजावर पडला. काही पूल, काही रेल्वेचे डबे. ते शत्रूने पुन्हा उभे केले. आणि ८१५ माणसे, जी एका दुपारी पाण्यातून वर आली. पहिल्या बाबीवर पुस्तके लिहिली गेली. शेवटची बाब एका ओळीत संपते, आणि त्या दिवशी बॉयलरवर कोण होते, होड्या कोणी ओढल्या, दोर कोणी टाकले, त्यांची नावे त्या ओळीतही येत नाहीत.

आइल ऑफ मॅनच्या कंपनीने हे नाव टाकून दिले नाही. १९२७, १९६५ आणि १९९८ साली बांधलेल्या आणखी तीन बोटींना तिने 'बेन-माय-क्री' हेच नाव दिले, आणि त्या उतारू वाहू लागल्या. बोटीचे खरे काम ते हेच, माणसांना सुखरूप पैलतीराला लावणे. ते करणाऱ्यांना त्याचे दाम आणि नाव दोन्ही मिळावे, इतकेच आमचे मागणे आहे.